नावावरून घर नाकारलं, आता करू तरी काय?

पत्र थोडक्यात असं आहे. फ्रँकफर्टहून एका मैत्रिणीने लिहिलंय, मूळची इचलकरंजीची, नवरा ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना), दोघांनाही पर्मनंट नोकरी, मुलगी चार वर्षांची. गेल्या हिवाळ्यापासून मोठं घर शोधतायत. ऑफेनबाखमधल्या एका फ्लॅटसाठी हिने पोर्टलवर अर्ज टाकला, सगळे कागद जोडले, तर १४ मार्चला मेल आला की सॉरी, आता बघायला येण्याच्या सगळ्या वेळा भरल्यात. त्याच संध्याकाळी ऑफिसातल्या जर्मन मैत्रिणीने स्वतःच्या नावाने तेवढाच पगार, तेवढीच माणसं लिहून त्याच फ्लॅटला अर्ज केला आणि तिला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. दुसरा एक घरमालक फोनवर सरळ म्हणाला की इंडियन लोक नकोत, स्वयंपाकाचा वास भिंतीत बसतो. त्यात तिने एका नोकरीची जाहिरात पाठवलीय ज्यात ‘जर्मन मातृभाषा हवी’ असं लिहिलंय, हिचं जर्मन सी-वन आहे, म्हणजे भाषेच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी. नवऱ्याला आइंडहोफनहून ऑफर आहे, तर नेदरलँड्समध्ये कायदा जास्त बरा आहे का, असं विचारतेय. आणि शेवटी, सासरे पुण्याहून म्हणतात की आपण तिथे पाहुणे, कशाला कोर्टकचेरी, व्हिसाचं काही झालं तर?

अगं, सगळ्यात आधी तारीख बघ, बाकी सगळं नंतर. जर्मनीत समान वागणुकीचा जो कायदा आहे, २००६ चा, ज्याला सगळे एजीजी म्हणतात, त्यात भेदभावाबद्दल दावा सांगायला फक्त २ महिने मिळतात. कोर्टात जायला नव्हे, समोरच्याला कळवायला, की तुम्ही माझ्याशी भेदभाव केलाय आणि मी भरपाई मागतेय. तुला नकार १४ मार्चला आला म्हणजे १४ मेच्या आत ते पत्र त्यांच्या हातात पडायला हवं, त्या दिवशी पोस्टात टाकून चालणार नाही. कितीतरी जणांची केस चांगली असते आणि ती इथेच मरते, कारण पहिला महिना रागात जातो आणि दुसरा ‘सोडून देऊ’ आणि ‘नको सोडायला’ यात. तू निर्णय नंतर घे, पण पत्र पाठव, कारण पत्र पाठवलं म्हणून कोर्टात जायलाच लागतं असं काही नाही.

आता पुरावा. तू लिहिलंयस की ‘माझ्याकडे पुरावा नाही, फक्त दोन मेल आहेत’. ते दोन मेल हाच पुरावा आहे गं! या कायद्यात तुला शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, तू अशी चिन्हं दाखवायची की ज्यावरून भेदभाव झालाय असं वाटावं, आणि मग सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर जाते, त्याने दाखवायचं की कारण दुसरंच काही होतं. आणि ही जी दोन नावांनी अर्ज करून बघायची पद्धत आहे, टेस्टिंग म्हणतात, ती कोर्टाने ऐकलेली आहे. हॅम्बुर्ग-बार्मबेकच्या कोर्टात २०१७ मध्ये तुर्की वळणाचं आडनाव असलेल्या एका बाईची अशीच केस होती, तिला तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी, म्हणजे हीटिंग वगैरे खर्च सोडून नुसत्या भाड्याइतकी, भरपाई मिळाली. बर्लिनमध्ये शार्लोटेनबुर्गच्या कोर्टाने २०२० मध्ये एका माणसाला ३,००० युरो द्यायला लावले, तिथेही तेच, तुर्की नावाला नकार आणि जर्मन नावाला बेझिश्टिगुंगचं, म्हणजे घर बघायला येण्याचं, आमंत्रण, आणि समोर घरभाड्याच्या धंद्यातली मोठी कंपनी होती. फ्लॅट मात्र यातून मिळेलच असं धरू नकोस, तो बहुतेक वेळा तोवर दुसऱ्याला गेलेला असतो.

मैत्रिणीने अर्ज अगदी नीट केलाय असं दिसतंय, त्याच दिवशी, तोच पगार, तेवढीच माणसं. तिला सांग की तिने पाठवलेला मेसेज, आलेलं उत्तर, दोन्हींचे वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेव, पोर्टलवरची जाहिरात अजून असेल तर तिचाही, आणि साक्ष द्यायला तयार आहे का ते आत्ताच विचारून घे. पुढच्या वेळी असं करायचं झालं तर नाव सोडून काही म्हणजे काहीच बदलायचं नाही. एकीने ‘कुत्रा नाही’ लिहिलं आणि दुसरीने लिहिलंच नाही, एवढंही समोरच्या वकिलाला पुरतं.

फोनवरच्या त्या माणसाचं जरा वेगळं आहे आणि इथे तुला आवडणार नाही असं दोन गोष्टींबद्दल बोलायला लागणार. एक, तू लिहिलंस की पुढच्या वेळी कॉल रेकॉर्ड करून ठेवेन. अजिबात करू नकोस. जर्मनीत समोरच्याला न सांगता त्याचं बोलणं रेकॉर्ड करणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि गुपचूप स्पीकरवर टाकून नवऱ्याला ऐकवलंस तरी कोर्ट तो पुरावा बाजूला ठेवू शकतं. त्यापेक्षा फोन ठेवल्या ठेवल्या कागदावर उतरव, तारीख, वेळ, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दात जर्मनमध्ये, खाली सही कर. आणि लगेच एक सभ्य मेल टाक की आज फोनवर तुम्ही म्हणालात की भारतीय कुटुंबाला घर द्यायचं नाही, मी बरोबर समजले ना? लोक अशा मेलला उत्तरं देतात, कधी कधी चक्क ‘हो’ म्हणून देतात.

दुसरी गोष्ट. तूच लिहिलंयस की तो मालक त्याच घरात तळमजल्यावर राहतो. एजीजीमध्ये एक सूट आहे, मालक किंवा त्याचे नातेवाईक त्याच जागेत राहत असतील तर भाड्याच्या बाबतीतला हा भाग लागूच होत नाही असं साधारण धरलं जातं, कारण जवळचं, विश्वासाचं नातं येतं असं कायदा मानतो. मला ही सूट पटत नाही, पण आहे ती आहे, म्हणून त्या माणसाच्या मागे लागून तुझी ताकद घालवू नकोस, ऑफेनबाखच्या फ्लॅटकडे बघ. तिथे मालक वेगळीकडे राहतो, जाहिरात सगळ्यांसाठी होती, त्यामुळे त्याच्याकडे फ्लॅट एकच असला तरी वंश किंवा मूळ यावरून नाकारायला बंदी आहे. ५० फ्लॅटच्या आतल्या मालकांना सूट असते असं तुला कोणीतरी सांगितलंय ना, ती सूट धर्म, वय, लिंग अशा बाकीच्या कारणांसाठी उपयोगी पडते त्यांना, मूळ देश-वंशावरून भेदभाव केला तर नाही.

‘इंडियन पासपोर्ट’ हा मुद्दाही तू विचारलायस. इथे जरा बारकावा आहे. युरोपीय कायद्यात आणि जर्मन कायद्यातही नागरिकत्व हे कारण लिहिलेलंच नाही, युरोपबाहेरच्या लोकांना नागरिकत्वावरून वेगळं वागवण्याचा मुद्दा तर मुद्दाम बाहेर ठेवलाय. म्हणून मालक तुमच्या रहिवासी परवान्याची मुदत विचारू शकतो, भाडं किती दिवस मिळेल हे त्याला बघायचं असतं. पण ‘जर्मनच हवेत’ म्हणणं ही पासपोर्टची गोष्ट राहत नाही. आउग्सबुर्गमध्ये एका वयस्क मालकाने जाहिरातीतच लिहिलं होतं की जर्मनांनाच देणार, बुर्किना फासोच्या एका माणसाने दावा लावला आणि २०१९ मध्ये कोर्टाने त्या मालकाला १,००० युरो भरायला सांगितले, वर अशी जाहिरात पुन्हा देऊ नको म्हणून तंबी. तेव्हा पत्रात ‘आमच्या नागरिकत्वामुळे’ असं लिहू नकोस, ‘आमच्या मूळ वंशामुळे, जे आमच्या नावावरून दिसतं’ असं लिही. वकील बघेलच, पण पहिल्या पत्रातला शब्द चुकीचा गेला तर त्याचं नंतर फार दळण होतं.

हे सगळं जर्मनीने एकट्याने ठरवलेलं नाही, म्हणूनच तुझा नेदरलँड्सचा प्रश्न इथे येतो. युरोपियन युनियनने २००० मध्ये दोन निर्देश काढले, एक वंश आणि मूळ यावरच्या भेदभावाविरुद्ध, जो नोकरी, शाळा, घर, दुकान, सेवा सगळीकडे चालतो, आणि दुसरा धर्म, अपंगत्व, वय, लैंगिक कल यासाठी, पण तो फक्त नोकरीपुरता. प्रत्येक देशाने त्यावरून आपापला कायदा करायचा. धर्मावरून घर नाकारलं तर युरोपच्या पातळीवर अजूनही संरक्षण नाही, २००८ मध्ये त्यासाठी प्रस्ताव आला होता पण त्याला सगळ्या देशांचा होकार लागतो आणि तो काही मिळेना. जर्मनीने आपल्या कायद्यात मोठ्या भाडेधंद्यापुरता धर्म घातलाय, सगळ्या देशांनी तसं केलेलं नाही. हिजाब घालणारी एखादी मैत्रीण घर शोधत असेल तर हा फरक तिला सांग.

या निर्देशावरची एक केस मला फार जवळची वाटते. बल्गेरियात दुपनित्सा नावाचं गाव आहे, तिथल्या ज्या वस्तीत मुख्यतः रोमा लोक, ज्यांना जिप्सी म्हणतात ते, राहतात तिथे वीज कंपनीने मीटर खांबावर सहा-सात मीटर उंच बसवले, बाकी गावात ते १.७० मीटरवर, दारापाशी. कारण काय, तर वीजचोरी. म्हणजे संपूर्ण वस्ती चोर धरून चालायची आणि बिल भरणाऱ्या माणसालाही स्वतःचा मीटर वाचता येऊ नये! त्या वस्तीत किराणा दुकान चालवणाऱ्या एका बाईने तक्रार केली, ती स्वतः रोमा नव्हती. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की ती रोमा नसली तरी त्या भेदभावाचा फटका तिला बसतोय, म्हणून तीही दाद मागू शकते. त्याआधी २००८ मध्ये बेल्जियमची एक केस झाली, गॅरेजचे दरवाजे बसवणाऱ्या कंपनीचा मालक जाहीरपणे म्हणाला की मोरोक्कन लोक कामावर घेणार नाही, गिऱ्हाइकांना ते घरात नको असतात. न्यायालय म्हणालं की नुसतं असं जाहीर बोलणं हाच थेट भेदभाव, कोणी अर्ज करून नाकारला जायची गरजच नाही, लोक अर्जच करणार नाहीत ना मग. तुला कोणी सांगितलं की ‘आम्हाला काही प्रॉब्लेम नाही हो, बिल्डिंगमधले बाकीचे भाडेकरू कुरकुर करतात’, तर ही केस लक्षात ठेव.

नोकरीची जाहिरात. ‘मातृभाषा जर्मन’ हे शब्द असतील तर बाजू तुझी बळकट आहे, कारण जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने २०१७ मध्येच म्हटलंय की मातृभाषेची अट ही मूळ वंशावरून अप्रत्यक्ष भेदभावाचं चिन्ह होऊ शकते. ‘उत्तम जर्मन हवं’ अशी अट चालते, जन्माने जर्मन बोलणाराच हवा ही नाही. पण त्यासाठी तू खरोखर अर्ज केलेला असला पाहिजेस आणि काम खरंच हवं असलं पाहिजे, नुसती जाहिरात वाचून पैसे मिळत नाहीत. अर्ज कर. नकार आला तर तिथेही २ महिने, लेखी, आणि त्यानंतर कामगार कोर्टात जायला ३ महिने. भरपाई, तुला नाहीतरी नोकरी मिळाली नसती असं ठरलं तरी, तीन पगारांपर्यंत असू शकते. पहिल्या पायरीवर हरलीस तरी समोरच्याच्या वकिलाची फी तुझ्यावर येत नाही. घराच्या केसमध्ये मात्र दिवाणी कोर्ट, तिथे हरणाऱ्याला दोघांचा खर्च, म्हणून तुमचा रेश्ट्सशुट्स विमा, म्हणजे कोर्टखर्चाचा विमा, असेल तर त्यात काय येतं ते आधी विचार, मीटरफेराइनचे, म्हणजे भाडेकरूंच्या संघटनेचे, मेंबर असाल तर त्यांनाही.

आता आइंडहोफन. कागदावर तुमच्यासाठी डच कायदा जास्त बरा आहे असं मी म्हणेन. तिथल्या समान वागणुकीच्या १९९४ च्या कायद्यात नागरिकत्व हे कारण स्वतंत्र लिहिलेलं आहे, जे जर्मनीत नाही. मानवी हक्कांचं त्यांचं एक कॉलेज आहे, कॉलेज म्हणजे शाळा नव्हे, मंडळ, तिथे कोणीही फुकट अर्ज करतं, वकील लागत नाही, दोन्ही बाजू ऐकून ते मत देतात. ते मत बंधनकारक नाही आणि पैसेही मिळवून देत नाहीत, पण त्याला वजन असतं. २०२३ च्या १ जुलैपासून भाड्याने घर देणाऱ्यांवर आणखी एक कायदा आलाय, घर कोणाला द्यायचं हे कसं ठरवता ते लेखी ठेवा, निकष आधी सांगा, नकार दिलेल्यांना कारण सांगा, आणि नगरपालिका दंड करू शकते. तुझ्यासारख्या बाईला तिथे ‘का नाही?’ असं विचारायचा हक्कच आहे. पण त्याच देशात बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात टॅक्स खात्याने हजारो कुटुंबांना खोटं ठरवून कर्जबाजारी केलं, कोणाला तपासायचं हे ठरवताना नागरिकत्वही बघितलं जात होतं, त्यावरून २०२१ च्या जानेवारीत सगळं सरकार राजीनामा देऊन गेलं. तेव्हा चांगल्या कायद्याच्या भरवशावर गाव बदलू नका. पगार, मुलीची शाळा, तुझी नोकरी यावर ठरवा, हे कायदे दोन्हीकडे पुरेसे आहेत, वापरले तर.

बाकी देशांचं विचारलंयस म्हणून चटकन. फ्रान्समध्ये घर किंवा नोकरी नाकारताना भेदभाव हा फौजदारी गुन्हा आहे, ३ वर्षं कैद आणि ४५,००० युरो दंडापर्यंत, आणि दोन नावांची टेस्ट तिथे फौजदारी कोर्टातही पुरावा म्हणून चालते. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये नागरिकत्व वंशाच्या व्याख्येतच येतं. स्वीडनमधला भेदभावविरोधी लोकपाल स्वतः तुझ्या बाजूने कोर्टात जाऊ शकतो, जर्मनीतलं केंद्रीय भेदभावविरोधी कार्यालय, बर्लिनचं, ते जाऊ शकत नाही, ते फुकट सल्ला देतं, समोरच्याकडून खुलासा मागवतं, समेटाचा प्रयत्न करतं. त्यांना लिही, पण त्यांना लिहिलं म्हणून तुझे २ महिने थांबत नाहीत, हे पक्कं डोक्यात ठेव.

सासऱ्यांचं. त्यांची काळजी खरी आहे, त्यांच्यावर चिडू नकोस. व्हिसाला यातून धक्का लागत नाही, हा दोन माणसांमधला दिवाणी दावा आहे, ब्लू कार्ड तुमच्या नोकरी-पगारावर आहे, परदेशी लोकांच्या ऑफिसचा यात संबंधच येत नाही. आणि नोकरीत तक्रार केली म्हणून कोणी त्रास दिला तर एजीजीमध्ये त्यालाही मनाई आहे. त्यांना सांग की तुम्ही दोघं तिथे टॅक्स भरता, पेन्शनचा वर्गणीचा हप्ता भरता, तुमची लेक तिथल्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, जर्मन गाणी म्हणते, आणि हा कायदा जर्मन माणसांपुरता लिहिलेला नाही, तिथे राहणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. पाहुण्याने गप्प बसायचं असतं, मान्य, पण तुम्ही पाहुणे नाही आहात.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, तरी लिहिते, मला ती फार टोचते. तू पत्राला तुमच्या मराठी ग्रुपचा स्क्रीनशॉट जोडलायस, घर शोधतोय हे दाखवायला, त्यात तुझ्या मेसेजच्या वर एक जाहिरात आहे, ‘फक्त शाकाहारी, फक्त आपल्यातल्या कुटुंबाला’. ‘आपल्यातल्या’ म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना कळतं, आणि आडनाव विचारून जात काढणं आपण विमानात बसताना मागे ठेवलेलं नाही, हे मान्य करायला हवं. युरोपच्या कायद्यात जात हा शब्द नाही. ब्रिटनमध्ये तो घालायचं ठरून २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली, पण त्याआधी २०१४ मध्ये तिथल्या अपील ट्रिब्युनलने म्हटलं की जात काही वेळा वंशाच्या व्याख्येत बसू शकते. केस होती भारतातून घरकामाला नेलेल्या एका बाईची, भारतीय कुटुंबाच्याच घरात, आणि पुढच्या वर्षी तिला थकलेल्या किमान वेतनाचे १,८०,००० पौंडांच्या वर मंजूर झाले. आपल्या ग्रुपमधल्या त्या जाहिरातीतून ज्याला नाकारलं जाईल त्याच्या पोटात तेच होईल जे तुझ्या पोटात १४ मार्चला झालं. ग्रुपच्या अॅडमिनला तू ओळखतेस ना? बोल त्याच्याशी, खाजगीत, पण बोल.

आता पत्राचं बघू, शनिवारी दोघं मिळून बसा. जर्मनमध्ये, एक पान पुरे. कोणत्या फ्लॅटसाठी, कोणत्या तारखेला अर्ज केला, १४ मार्चला काय उत्तर आलं, त्याच दिवशी तशाच अर्जाला दुसऱ्या नावाने काय उत्तर आलं, म्हणून एजीजीप्रमाणे आम्ही भरपाई मागतो, अमुक तारखेपर्यंत कळवा. रक्कम सुचत नसेल तर तीन काल्टमीटे लिही. मैत्रिणीचं पूर्ण नाव पहिल्या पत्रात नको. मेल मालकाकडून आला की एजंटकडून ते नीट बघ, एजंट असेल तर दोघांनाही वेगवेगळं पत्र. मेलने पाठवच, पण आइनश्रायबेनने, म्हणजे रजिस्टर्ड पोस्टानेही पाठव आणि पावतीचा फोटो काढून नवऱ्याच्या फोनवरही ठेव. मे महिन्याच्या सुरुवातीला तिथे सुट्टी असते, पोस्ट बंद असतं, तेव्हा एप्रिल संपायच्या आत टाक.